सांडपाण्यातील जीवाणू ओळखण्यासाठी जनुकीय ठशांची कोणती पद्धत निवडावी?

विचारणा
सक्रिय गाळाच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जीवाणूंच्या गाळाच्या) टाकीतील नमुन्यांतून पेट्री डिशवर बऱ्याच वसाहती मिळाल्या असून त्यांतील अनेक दिसायला अगदी सारख्या, फिकट पिवळ्या आणि गुळगुळीत आहेत. प्रत्येकीच्या १६एस आरआरएनए जनुकाचे (जीवाणू ओळखण्यासाठी वापरतात त्या जनुकाचे) सिक्वेन्सिंग, म्हणजे त्याचा क्रम वाचणे, शक्य नाही. आरएपीडी, ईआरआयसी-पीसीआर आणि डीजीजीई या जनुकीय ठशांच्या (डीएनएच्या तुकड्यांच्या पट्ट्यांवरून तुलना करण्याच्या) पद्धतींपैकी काय निवडावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
डीजीजीई बाजूला ठेवावी. ती प्रामुख्याने गाळातून थेट काढलेल्या डीएनएवर, संपूर्ण जीवाणूसमूहाचा अंदाज घेण्यासाठी वापरतात, आणि आपल्याकडे तर सुट्या वसाहती आहेत. आरएपीडीमध्ये सुमारे दहा न्यूक्लिओटाइडांचा छोटा प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारा डीएनएचा तुकडा) कमी तापमानाला सैलपणे चिकटतो, त्यामुळे डीएनएचे प्रमाण किंवा पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याचे) यंत्र बदलले तरी पट्टे बदलू शकतात. माझा कौल ईआरआयसी-पीसीआरला, म्हणजे जीवाणूंच्या डीएनएत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठरावीक क्रमांवर आधारलेल्या पद्धतीला आहे. मात्र ठसा दोन वसाहती वेगळ्या आहेत की नाहीत एवढेच सांगतो, जीवाणूचे नाव सांगत नाही. म्हणून आधी ठशांवरून गट पाडावेत आणि मग प्रत्येक गटातील एक-दोन प्रतिनिधींचे १६एस जनुक २७एफ व १४९२आर या प्रायमरांनी वाढवून, सुमारे १५०० बेसचा तो तुकडा सिक्वेन्सिंगला द्यावा.

विचारणाकर्ता
आभारी आहे. वसाहत पाण्यात उकळून काढलेल्या डीएनएवर काही नमुन्यांत पट्टेच येत नाहीत, ते कशामुळे?

प्रतिसाद २
गाळातील पुष्कळ जीवाणू स्वतःभोवती चिकट बहुशर्करा तयार करतात आणि ती पीसीआर अडवू शकते. तोच अर्क दहापट पातळ करून पाहावा. तरीही पट्टे न आल्यास डीएनए किटने शुद्ध करावा. ज्यांची तुलना करायची ते नमुने शक्यतो एकाच जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर), दोन्ही कडांना मापक पट्टी (माहीत असलेल्या लांबीचे तुकडे) लावून चालवावेत, आणि डीएनए नसलेली नळी प्रत्येक वेळी ठेवावी, कारण तिच्यात पट्टा दिसला तर तो सारा संच बाद धरावा लागतो.

नाव देताना घाई नको. १६एसमधील साम्य साधारण ९८.७ टक्क्यांहून कमी असेल तर प्रजाती वेगळी मानतात, पण साम्य त्याहून जास्त आहे म्हणून प्रजाती एकच, असे उलट म्हणता येत नाही, ई. कोलाय आणि शिगेला या जनुकावरून वेगळे काढता येत नाहीत. स्युडोमोनाससारख्या वंशात जीवायआर-बी किंवा आरपीओ-बी हे जनुकही तपासावे. शिवाय नायट्रोस्पायरासारखे जीवाणू साध्या पोषक माध्यमावर वाढत नाहीत, तेव्हा अहवालात ‘टाकीतील जीवाणू’ असे न लिहिता ‘या माध्यमावर वाढलेले जीवाणू’ असेच लिहावे.