मिटलेल्या खटल्याची नोंद पोलिसांच्या दफ्तरातून निघते का?

प्रश्न (डिचोली)
वाड्यावरच्या एका भांडणावरून 2019 साली माझ्या धाकट्या भावावर एफआयआर नोंद झाला. भारतीय दंड संहितेची 341 (वाट अडवणे), 323 (दुखापत करणे) आणि 504 (चिथावणीसाठी अपमान) ही कलमे लावली होती आणि ठाण्यात त्याच्या बोटांचे ठसेही घेतले होते. पुढे दोन्ही घरांचा समेट झाला व 2021 मध्ये न्यायालयात तडजोड होऊन खटला संपला. आता त्याला बोटीवर नोकरी मिळत आहे. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट (गुन्हे नोंदीबाबतचा दाखला) मागितले आहे, शिवाय ‘आपल्यावर कधी गुन्हा नोंद झाला होता का’ असा रकाना कंपनीच्या अर्जात आहे. एजंट सरळ ‘नाही’ लिहायला सांगतो. ही नोंद कायमची काढून घेण्याचा काही नियम गोव्यात आहे का?

उत्तर (वकील, म्हापसा)
ही तिन्ही कलमे तडजोडयोग्य, म्हणजे दोन्ही पक्षांना समेटाने मिटवता येणारी होती आणि तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 320(8) प्रमाणे तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेइतकाच होता. तेव्हा आपल्या भावाला ‘शिक्षा झालेला’ कोणी म्हणू शकत नाही. मात्र निर्दोष सुटलेल्या प्रौढाचा एफआयआर आपोआप पुसून टाकणारा कायदा आपल्याकडे नाही. तेव्हा त्याचे वय अठरापेक्षा कमी असते तर बाल न्याय कायदा, 2015 चे कलम 24 उपयोगी पडले असते.

ठशांचे तसे नाही. 1920 चा जुना कैदी ओळख कायदा जाऊन 4 ऑगस्ट 2022 पासून फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा लागू झाला. त्याखाली राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ठशांसारखी ओळखीची मापे 75 वर्षे ठेवू शकतो; परंतु पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती निर्दोष सुटली आणि अपिलाचे मार्ग संपले, तर न्यायालयाने कारणे नोंदवून वेगळा आदेश दिला नसल्यास ती नष्ट करायची असतात. त्यासाठी राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी विनंती करावी.

उत्तर (निवृत्त पोलीस कारकून, फोंडा)
नोंद निघण्याची वाट पाहण्यापेक्षा ती पूर्ण आहे का, ते आधी पाहावे. सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीत एफआयआर, अटक, दोषारोपपत्र आणि न्यायालयाचा निकाल यांचे फॉर्म वेगवेगळे असतात. शेवटचा फॉर्म भरायचा राहिला तर संपलेला खटला पडद्यावर प्रलंबितच दिसत राहतो, आणि पडताळणी करणारा हवालदार पडद्यावर दिसेल तेच लिहितो. म्हणून न्यायालयाच्या नकला विभागातून आदेशाची प्रमाणित प्रत घ्यावी, ती अर्जासोबत ठाण्यात द्यावी आणि पोच घ्यायला विसरू नये. पासपोर्ट कार्यालयात क्लिअरन्स सर्टिफिकेटसाठी अर्ज करतानाही एक प्रत जवळ असू द्यावी.

उत्तर (पेडणे)
माझी तक्रार संकेतस्थळावरील एफआयआरबद्दल आहे. संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिला, तो आरोपीला आपल्यावरील आरोप वेळेत कळावा म्हणून. खटला संपल्यावर तोच कागद जगाला दिसत राहण्यात त्याचे काय हित आहे? पोलीस हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा, म्हणजे राज्याने कायदा करण्याचा विषय आहे. निकालानंतर असा एफआयआर लोकांसमोर किती काळ ठेवावा, याचा स्पष्ट नियम राज्याने करायला हवा.

प्रश्नकर्ता
ठशांचा आणि निकालाच्या नोंदीचा अर्ज याच आठवड्यात देतो. पण कंपनीच्या रकान्यात काय लिहावे?

उत्तर (वकील, म्हापसा)
रकान्यातील शब्द नीट वाचावेत. ‘खटला प्रलंबित आहे का’ किंवा ‘शिक्षा झाली आहे का’ असे विचारले असेल, तर ‘नाही’ हेच खरे उत्तर ठरते. आपण दिलेला रकाना मात्र ‘कधी गुन्हा नोंद झाला होता का’ असा आहे, आणि तिथे ‘होय’ लिहून पुढे ‘2021 मध्ये तडजोडीने निकाली’ अशी ओळ जोडावी व आदेशाची प्रत लावावी. सरकारी नोकरीबाबत अवतार सिंग प्रकरणात 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी अर्जातील माहिती खरी असली पाहिजे असे स्पष्ट केले. क्षुल्लक गुन्हा लपवला असेल तर तो दुर्लक्षित करणे न करणे मालकाच्या विवेकावर सोडले. बोटीची कंपनी परदेशी असेल तर तिला हा निकाल बंधनकारक नाही, तिचा करारच पाहावा लागेल, आणि खोट्या माहितीवरून नोकरी रद्द करण्याची अट अशा करारांत बहुधा असतेच. एजंटला तिची झळ बसत नाही, ती भावाला बसेल.