संत्र्यासाठी पिकअप घ्यायची आहे: बोलेरो, योद्धा, इंट्रा की बडा दोस्त? मागे ट्रॉली ओढता येईल का?

पाचएकरी (मोर्शी तालुका)

राम राम मंडळी. माझा पाच एकर संत्रा आहे, साडेपाचशे झाडं, आंबिया बहार (दिवाळीच्या सुमाराला तोडीला येणारा). आतापर्यंत उभा बगीचा व्यापाऱ्याला देत होतो. गेल्या वर्षी त्यानं वरचा चांगला माल तोडून नेला, बारीक आणि डागी झाडावरच सोडला आणि बाकी पैशासाठी मला महिनाभर फिरवलं. यंदा ठरवलं, तोड आपण करायची आणि माल आपणच नागपूरला कळमन्याच्या बाजारात न्यायचा.

अडचण गाडीची आहे. ऐन हंगामात भाड्याची पिकअप वेळेवर मिळत नाही. गेल्या वर्षी शेजाऱ्याचे साठ कॅरेट दोन दिवस बांधावर पडून होते, वरून पाऊस आला. ते बघितल्यापासून माझ्या मनात गाडी घ्यायचं पक्कं आहे, हप्त्यावर का होईना.

बोलेरो, टाटा योद्धा, इंट्रा व्ही५० आणि बडा दोस्त या चार गाड्या डोळ्यासमोर आहेत. अॅव्हरेज कुणाचं चांगलं, कोणती कमी रडवते, हे वापरणाऱ्यांनी सांगावं. माझ्याकडे ट्रॅक्टरची जुनी दोनचाकी ट्रॉलीसुद्धा आहे. ती पिकअपमागे बांधली तर एका खेपेत आणखी शंभर कॅरेट जातील असा विचार आहे. फवारणीचा ब्लोअरही त्याच गाडीनं ओढता आला तर ट्रॅक्टर विकून टाकीन. बगीच्यापर्यंत पाऊण किलोमीटर पांदण आहे, काळी माती, पावसाळ्यात पाय काढता येत नाही.

घाटवाला (परतवाडा)

भाऊ, मी बारा वर्सं झाले परतवाडा ते चिखलदरा अन् तिकडं सेमाडोहपावतर किराणा, सिमिट, टिना वाहून रायलो. चिखलदरा अकराशे मीटरवर हाय, म्हून गाडी वढते का नाई थे आमाले रोजच समजते.

पयले ट्रॉलीचं सांगतो, काहून का तिथं जीवाचा सवाल हाय. बांधू नका. पिकअप म्हंजे ट्रॅक्टर नोहे. ट्रॅक्टरचा पयला गिअर मुंगीसारखा चालते अन् मागच्या चाकाचं वजनच एवढं असते का ट्रॉली त्याले हालवू शकत नाई. तुमच्या ट्रॉलीले स्वतःचे ब्रेक हायेत का? नसतीन. मंग शंभर कॅरेट म्हंजे दोन टन माल अन् ट्रॉलीचं लोखंड, हे सारं थांबवाचं पिकअपच्या ब्रेकानं. चढावर वढून घेईन गाडी, पन उतारावर ट्रॉली मागून ढकलते अन् वळणावर आडवी येते. मी एकडाव कुंपणाचे सिमिटचे खांब असेच ट्रॉलीत भरून आणले होते. उतारावर ब्रेक मारला तं ट्रॉली माह्या दाराच्या बाजूले आली. मी वाचलो, पन थ्या दिवसापासून मागं काई बांधत नाई. वरून ट्रॉलीची नोंदणी अलग, विमा अलग. शोरूममध्ये विचारा का ही गाडी मागं किती किलो वढू शकते. आकडा लेखी देत नसतीन तं समजून जा. अन् ट्रॅक्टर इकू नका, ब्लोअर त्याच्याच मागं शोभते.

आता ताकद. कागदावर योद्धा सगळ्यात वर हाय: २.२ लिटर, १०० एचपी, २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हंजे चाक फिरवाचा जोर. इंट्रा व्ही५० चं १४९६ सीसी, ८० एचपी, २२०. बडा दोस्तचं तीन सिलिंडर, १४७८ सीसी, ८० एचपी, १९०. बोलेरोचं इंजिन २५२३ सीसी अन् टॉर्क मॉडेलपरमानं २०० ते २२०. पन भाऊ, एचपी पायून घाट चढत नाई. कमी आरपीएमवर टॉर्क भेटला तं गाडी दुसऱ्या गिअरात मुकाट्यानं चढते, क्लच जळत नाई. तुमचा वरूड-काटोल-नागपूर रस्ता काई चिखलदरा नोहे. थ्या रस्त्याले चारीची ताकद पुरून उरते.

पांदणीत फसली तं एक्सलेटर दाबत बसू नका, चाक आणखी खाली जाते. चाकापुढची माती फावड्यानं काढा, पऱ्हाट्या नाई तं तुराट्या आडव्या टाका, टायरची हवा थोडी कमी करा. टोचन (दुसऱ्या गाडीनं वढाचा दोर) लावाचं तं चेसिसच्या हुकाले, बंपरले नाई. सडकेवर टोचन करून आणाची येळ आली तं दोन गाड्यांत ५ मीटरच्या वर अंतर नको अन् वेग २५ च्या वर नको. कायद्यातबी तेच हाय.

वहीवाली (शेंदुरजना घाट)

दादा, आमच्या घरी गाडी हे चालवतात आणि वही मी लिहिते. सात वर्षांत दोन गाड्या झाल्या. आधी एक टनाची छोटी होती, आता बोलेरो १.७ टन पासिंगची, म्हणजे तेवढा माल न्यायची परवानगी असलेली आहे. म्हणून माझ्याकडे दोन्हीचा हिशेब आहे आणि तो तुमच्या कामाचा आहे.

सगळे किलोमीटरला किती देते ते विचारतात. आम्हीही तसंच विचारून छोटी घेतली होती. तुम्ही कॅरेटला किती डिझेल लागतं ते मोजा. आमच्या गावाहून कळमना जाऊन येऊन दोनशे किलोमीटर धरा. भरलेलं कॅरेट बावीस किलोच्या आसपास भरतं, त्यात दीड-दोन किलो कॅरेटचंच.

छोटी गाडी भरून १५ आणि रिकामी १८ द्यायची. म्हणजे जाताना पावणेसात लिटर, येताना साडेपाच, एकूण सव्वाबारा लिटर. माल पंचेचाळीस कॅरेट. बोलेरो भरून १२ आणि रिकामी १५ देते. जाऊन येऊन पंधरा लिटर लागतं, पण माल जातो पंचाहत्तर कॅरेट. छोटीला कॅरेटमागे २७० मिली डिझेल, मोठीला २०० मिली. वर ड्रायव्हरचा दिवस, जेवण, बाजारातला खोळंबा एकदाच. कमी अॅव्हरेजची गाडी आम्हाला स्वस्त पडली, आणि हे कळायला तीन हंगाम गेले, कारण आधी मी नुसतं डिझेलचं बिल लिहीत होते, कॅरेट लिहीत नव्हते.

पण हे गाडी पूर्ण भरली तरच खरं. चाळीस कॅरेट घेऊन मोठी गाडी गेली की सगळा हिशेब उलटतो.

म्हणून तुमची झाडं मोजून बघा. साडेपाचशे झाडं, झाडामागे दोन कॅरेट धरले तर अकराशे कॅरेट. पंचाहत्तरच्या हिशेबानं पंधरा खेपासुद्धा होत नाहीत. दादा, वर्षाच्या पंधरा खेपांसाठी तुम्ही बारा महिने हप्ता भरणार आहात. गाडी कोणती हा प्रश्न त्यानंतरचा आहे. उरलेले दिवस तिला काय काम, ते गावात बसून आधी लिहून काढा. आमची गाडी शेजाऱ्यांचा संत्रा नेते, मृग बहार आला की फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा तेच. मध्ये जिनिंगला कापूस, सोयाबीनची पोती, जूनमध्ये खत-बियाणं, उन्हाळ्यात मंडपवाल्यांचं सामान. कापसाचं एक लक्षात ठेवा, तो वजनानं भरत नाही, आकारानं भरतो. डाला लांब असेल तर कापसाच्या भाड्यात फरक पडतो. नुसता टनाचा आकडा बघू नका, डाल्याची लांबी टेपनं मोजा.

आणखी एक सांगते, तुम्ही विचारलं नाही तरी. तोडणीच्या बाया डाल्यात बसवून नेऊ नका. सगळे नेतात, आम्हीही नेत होतो. आमच्या शिवारात कालव्याच्या वळणावर एक पिकअप कलंडली, दोन बायांचे पाय गेले. मालगाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत बसला तर विम्यात धरतात, असेच बसवलेले मजूर धरत नाहीत. त्या घरांना काय मिळालं ते मी जवळून बघितलं आहे. तेव्हापासून बायांसाठी आम्ही ऑटो सांगतो आणि त्याचे पैसे तोडणीच्या खर्चात लिहितो.

पाचएकरी (मोर्शी तालुका)

ताई, तुमचा हिशेब वाचून काल रात्री मी आणि माझा भाऊ दोघं वही घेऊन बसलो. पंधरा खेपांचा आकडा मी कधी काढलाच नव्हता. आमच्या बाजूला चार बगीचे आहेत, दोघांनी माल आमच्या गाडीत द्यायची तयारी दाखवली. ते धरून चाळीसेक खेपा होतात. खताचं काम गावातल्या कृषी केंद्राशी बोलतो आहे.

घाटवाले भाऊ, ट्रॉलीचा विचार सोडला. ट्रॅक्टरही ठेवतो.

गाडी पुतण्या चालवेल. त्याचं लायसन साध्या कारचं आहे, ते चालेल का? कागदपत्रं आणखी काय लागतात?

कागदवाला (वरूड)

चालतं. ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी एलएमव्ही, म्हणजे साध्या कारच्या लायसनवर चालवता येते, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला तेच कायम केलं. परमिट ३,००० किलोपर्यंतच्या एकूण वजनाला लागत नाही, पण १.७ टनवाली गाडी मालासह त्याच्या वर जाते, तेव्हा काढावं लागेल. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,०००, शिवाय जादा माल तिथंच उतरवावा लागतो. रस्त्यात उतरवलेला संत्रा कोण सांभाळणार, याचा विचार करूनच कॅरेट चढवा.

मिस्त्री (हिंगणघाट)

माझ्याकडे चारही गाड्या येतात, त्यामुळे कोणत्या कंपनीला चांगलं-वाईट म्हणणार नाही. गाडी का बिघडते ते सांगतो.

दहातल्या सात गाड्या माझ्याकडे जादा मालामुळे येतात. पाटा (चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी) तुटला, मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं, क्लच प्लेट बसली. मालक म्हणतो, एक पाटा जास्तीचा टाकून द्या. पाटा टाकला की गाडी मागून बसत नाही, म्हणून मालकाला वाटतं ताकद वाढली. ब्रेक तेच, एक्सल तोच, टायर तेच. पुढच्या वेळी चेसिसला चीर घेऊन येतो. जुनी गाडी बघायला गेलात तर आधी पाटे मोजा आणि चेसिसवर वेल्डिंगचा डाग आहे का ते खाली झोपून बघा. रंग, म्युझिक, सीट कव्हर नंतर.

दुसरं कारण एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांचं. सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. ती काजळी जाळायला धूर चांगला तापावा लागतो. दिवसभर शेत ते घर, घर ते शेत अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या तर तो तापतच नाही आणि फिल्टर तुंबतो. मीटरवर दिवा लागतो, पोरं दुर्लक्ष करतात, मग गाडी ओढत नाही म्हणून टोचन करून आणतात. तुम्ही कळमन्याला जाणार, ते गाडीच्या तब्येतीला चांगलंच आहे. बाकीच्या महिन्यांत आठवड्यातून एकदा तरी हायवेवर अर्धा तास एका चालीनं चालवा. दिवा लागला तर कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तसं करा. फिल्टर कापून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी नेऊ नका.

तिसरं आपलं ऊन. मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो. कूलंटऐवजी विहिरीचं पाणी टाकणारे अजून आहेत, त्या खारट पाण्यानं रेडिएटर आतून भरतो. कूलंटच टाका.

आणि गाडी निवडताना एक काम करा. मोर्शीत आणि वरूडमध्ये दोन-दोन स्पेअर पार्टच्या दुकानांत जा. क्लच प्लेट, पाटा आणि डिझेल फिल्टर या तीन गोष्टी चारही गाड्यांच्या मागा. ज्या गाडीच्या तिन्ही वस्तू तिथल्या तिथे काउंटरवर येतील, ती तुमच्यासाठी भरवशाची. तोडलेला माल डाल्यात असताना पार्ट दोन दिवसांनी नागपूरहून येतो म्हणणं परवडत नाही.

पाचएकरी (मोर्शी तालुका)

मिस्त्री, आज चारही दुकानं फिरून आलो. दोन गाड्यांचं सगळं सामान हातात मिळालं, तिसरीचा पाटा नव्हता, चौथीचं दोन वस्तूंना उद्या या म्हणाले. आता त्या दोनच गाड्या धरल्या आहेत. दोन्ही शोरूमवाल्यांना सांगितलं की रिकाम्या गाडीची चक्कर नको, शनिवारी गाडी घेऊन बगीच्यात या, सत्तर कॅरेट मी भरून ठेवतो, पांदणीतून डांबरी रस्त्यापर्यंत पुतण्या चालवेल. एक लगेच तयार झाला. दुसरा साहेबांना विचारून सांगतो म्हणाला.

वहीवाली (शेंदुरजना घाट)

भरताना जड माल पुढच्या बाजूला, केबिनला लागून रचा, आणि डाल्याची लांबी त्याच वेळी मोजून घ्या. शनिवारी काय झालं ते इथे लिहा, दादा.