मदत हवी आहे: फिलिपिन्स, १४ दिवस, सोबत शाकाहारी सासूबाई, आणि 'आते'ची यादी छाटायची कशी?

नमस्कार मंडळी,

जरा पाल्हाळ होणार आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

मी दुबईत दातांच्या एका दवाखान्यात बिलिंग बघते. शेजारच्या खुर्चीवर पन्नाशीची एक फिलिपिनो बाई बसते. तिला सगळे 'आते' म्हणतात. टागालोगमध्ये आते म्हणजे मोठी बहीण, हे मला नंतर कळलं. तोवर अर्धा दवाखाना हिची भाचरंच आहेत असं मी धरून चालले होते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून दोन आठवडे माझी आणि नवऱ्याची सुट्टी जुळते आहे. सासूबाईही साताऱ्याहून आलेल्या असतील. जेवणाच्या सुट्टीत मी सहज बोलून गेले, "बाली की फिलिपिन्स, ठरत नाहीये." आतेने चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढे मी आणखी शहाणपणा केला, "म्हणजे तुमच्याकडे बालीसारखंच असेल ना?" त्यावर काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अपॉइंटमेंट कार्डांचा एक गठ्ठा हातात ठेवला, रबर बँड लावून. एका कार्डाच्या पाठीवर एक ठिकाण. एकूण सात.

पहिलं कार्ड अर्थातच तिच्या जिल्ह्याचं: आल्बाय, बिकोल. मायोन ज्वालामुखी, उंची २,४६२ मीटर, आणि 'शंकू' या शब्दाखाली दोन रेघा. फुजीसुद्धा इतका रेखीव नाही म्हणे. तिकडच्या भाषेत 'मागायोन' म्हणजे सुंदर. पण डोंगर लाजरा आहे, पाहुणे आले की ढगाचा पदर ओढतो, म्हणून निदान चार दिवस राहायचंच, अशी अट. १८१४ च्या उद्रेकात कागसावाचं चर्च गाडलं गेलं, घंटेचा मनोरा तेवढा वर राहिलाय. त्या मनोऱ्यासमोर तिच्या लग्नाचा फोटो आहे, तो आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. चारदा.

दुसरं दोन्सोल, बुटांडिंगसाठी, म्हणजे देवमाशाएवढा शार्क. कडेला ठळक अक्षरात 'ओस्लोब नाही!' ओस्लोबला माशांना खाऊ घालून किनाऱ्याशी ठेवतात, दोन्सोलला ते आपल्या मर्जीने येतात, न आले तर नाही. मग बोहोल, बातादची भातशेती, विगान, कोरोन आणि गिमारास. गिमारास फक्त आंब्यासाठी. माझं माहेर रत्नागिरी. त्या कार्डावरून आम्ही अर्धा दिवस एकमेकींशी बोललो नाही, तो विषय इथे नको.

सगळे पर्यटक जातात त्या बोराकायचं कार्डच नाही. विचारलं तर म्हणाली, "तिथे जायला माझी काय गरज?" पण सांडपाणी समुद्रात जातं म्हणून सरकारने २०१८ मध्ये सहा महिने ते अख्खं बेट पर्यटकांना बंद ठेवलं, हे मात्र छाती फुगवून सांगते.

सासूबाईंचं सुरुवातीपासून "कशाला मेलं तिकडे?" चाललं होतं. एकदा व्हिडिओ कॉलवर आते मध्येच घुसली आणि मोबाइलवरचा फोटो दाखवायला लागली. मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयातला ताम्रपट, १९८९ मध्ये लागुना प्रांतात नदीकाठी सापडलेला. लिपी जावाकडची जुनी कावी, पण खाली वाचन दिलेलं. मी ते मोठ्याने वाचलं: "स्वस्ति शकवर्षातीत ८२२ वैशाख मास…" आणि पुढे "चतुर्थी कृष्णपक्ष सोमवार". पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "थांब. आठशे बावीस अधिक अठ्ठ्याहत्तर. नऊशे साल. वैशाख वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी की गं!" तेव्हापासून रोज विचारतात, तिकिटं काढलीस का.

आता प्रश्न.

एक, जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसा लागत नाही, पण मुदत वाढवून मिळत नाही. अमेरिका, शेंगेन, जपान वगैरेंचा व्हिसा असेल तर ३० दिवस, त्यात दुबईची रेसिडेन्सी धरत नाहीत. म्हणजे चौदाच. सातातली कोणती कार्डं काढू?

दोन, सासूबाई पूर्ण शाकाहारी. अंडंही नाही. गुडघेही कुरकुरतात.

तीन, आणि खरी अडचण ही. आते तेव्हा गावीच असणार आहे आणि तिच्या भावाने आमच्यासाठी लेचोन ठरवलंय. म्हणजे अख्खं डुक्कर, निखाऱ्यावर. नाही कसं म्हणू?

प्रतिसाद १ (मनिलात चार वर्षं काढलीत)

बाताद काढा. मनिलाहून बनावेपर्यंत रात्रभर बस, पुढे जीपनी, आणि शेवटी बांधावरून दगडी पायऱ्या, धरायला कठडा नाही. शेतं बघताना माणूस बोलायचा थांबतो हे खरं, १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत उगाच गेली नाहीत. पण गुडघे असतील तरच. विगान उत्तरेला दुसऱ्या टोकाला, तेही गेलं. देशात ७,६४१ बेटं आहेत आणि एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना आख्खा दिवस जातो, हे गणित कुणी सांगत नाही. समुद्र खवळला की तटरक्षक दल बोटी थांबवतं, तो दिवस वेगळा.

मी असं करेन: मनिला दोन दिवस (ताम्रपट! संग्रहालयाला तिकीट नाही), आल्बाय पाच, त्यातच एक सकाळ दोन्सोल, मग मनिलाला परत येऊन विमानाने बोहोल. चॉकलेट हिल्सचं गवत उन्हाळ्यात वाळून तपकिरी होतं, तुमची वेळ बरोबर आहे. गच्चीपर्यंत दोनशेच्या वर पायऱ्या आहेत, सासूबाईंना खालीच बसवा. टार्सिअर (मूठभर, बटबटीत डोळ्यांचा प्राणी) बघायचा तर बोहोलमधल्याच कोरेला गावच्या अभयारण्यात, रस्त्याकडेच्या पिंजऱ्यात नको.

प्रतिसाद २

शाकाहाराबद्दल. नुसतं 'मांस नको' म्हणालात तर बागोओंगमध्ये, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीच्या चटणीत, परतलेली भाजी येईल आणि वाढणारी मनापासून सांगेल की यात मांस नाही. पाठ करून जा: वालांग कार्ने (मांस नको), वालांग इस्दा (मासे नकोत), वालांग बागोओंग, वालांग पातिस. पातिस म्हणजे माशाचं पाणी, ते सगळ्यात लबाड.

बिकोलचं लाइंग दिसलं की हुरळून जाल. अळूची पानं, नारळाचं दूध, मिरची, अगदी कोकणातलं. पण त्यात बहुतेक वेळा सुकट किंवा डुकराचं मांस असतं. घरी करणार असतील तर आधी सांगून वेगळं काढायला लावा. बाकी सकाळी 'ताहोओओ' अशी आरोळी आली की खाली पळा: गरम मऊ टोफू, वर गुळासारखा पाक आणि साबुदाणा. केळीच्या पानातला सुमान, केळ्याचा तुरोन, चिकट तांदळाचा बिको, हेही चालेल. भात सगळीकडे मिळतो. मेतकूट न्या.

प्रतिसाद ३ (दवाओला एमबीबीएस करतोय)

ताई, तारखा बघितल्यात का? तुमचे दोन आठवडे होली वीकवर, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यावर, येतात का ते तपासा. गुरुवार-शुक्रवार दुकानं बंद, आणि त्याआधी अख्खी मनिला गावाला निघते. आपल्याकडे गणपतीत कोकणात जाताना होतं तसंच. तिकिटं आत्ताच काढा. पण एक फायदा आहे. गुड फ्रायडेला ते मांस खात नाहीत!

आणि तुम्हाला कुणी 'बुम्बाय' म्हटलं तर रागावू नका. भारतीय म्हणजे बुम्बाय, मग तो पंजाबचा का असेना. कांद्यालाही सिबुयास बुम्बाय म्हणतात. मी नाशिकचा, मला तर बरंच वाटतं.

प्रतिसाद ४

आतेच्या घरची मुलं सासूबाईंचा हात हातात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावतील. तो त्यांचा नमस्कार, 'मानो'. आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या हात मागे घेतील आणि पोरं हिरमुसतील.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. आज आतेशी बोलले. कार्डं तिच्यापुढे मांडली आणि म्हटलं, तूच काढ, माझ्याने होत नाही. तिने बाताद, विगान, कोरोन बाजूला ठेवली, पण टाकली नाहीत. प्रत्येकावर 'पुढच्या वेळी' लिहून मलाच परत दिली. गिमारास बराच वेळ हातात धरून होती. मग तेही.

लेचोनचं नाक मुठीत धरून सांगितलं. ती हसायलाच लागली. म्हणाली, तुम्ही गुड फ्रायडेला या, लेचोन ईस्टरला होईल, तोवर तुम्ही बोहोलला. भावाला तसा मेसेजही गेला. सासूबाईंसाठी लाइंग वेगळं होणार आहे, तिची आई स्वतः करणार.

आता शेवटचं. गावी जाताना सगळ्यांसाठी 'पासालुबोंग' न्यायचं असतं, म्हणजे आपला खाऊ. तिच्या आईचं वय ऐंशी, दात नाहीत. सासूबाई साताऱ्याचे कंदी पेढे आणणार आहेत. मला आंबापोळी न्यायची आहे, रत्नागिरीची. नेऊ का, की पुन्हा अर्धा दिवस अबोला?