मदत हवी आहे: 'लुमिनेस'मध्ये संथ गाणं लागलं की पट भरून जातो

नमस्कार मंडळी,

सोनीच्या पीएसपी या हातात धरायच्या गेमयंत्रावरच्या 'लुमिनेस' या गेमबद्दल विचारायचं आहे. २००४ च्या डिसेंबरात जपानमध्ये पीएसपी बाजारात आला, त्याच दिवशी त्याच्यासोबत आलेला हा पहिला भाग. तिकडे तो बांदाई कंपनीने काढला होता. माझ्याकडे मामेभावाने अमेरिकेहून आणलेली, युबिसॉफ्ट कंपनीने काढलेली गेमची चकती आहे. ओळखीत हा खेळणारं कोणी नाही. विचारलं तर "टेट्रिससारखाच ना?" एवढ्यावर बोलणं संपतं, म्हणून धागा काढते आहे.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पट आडवा असतो, १६ कॉलम रुंद आणि १० ओळी उंच. वरून दोन बाय दोनचे ब्लॉक पडतात, त्यात फक्त दोन रंग. एकाच रंगाचा दोन बाय दोनचा चौकोन जुळला की तो उजळतो, पण लगेच जात नाही. पटावर एक उभी रेघ डावीकडून उजवीकडे सतत सरकत असते, टाइमलाइन म्हणतात तिला. ती चौकोनावरून गेली की मगच तो पुसला जातो. या रेघेचा वेग चालू गाण्याच्या लयीवर ठरतो. काही लेव्हल झाल्या की स्किन बदलते, म्हणजे गाणं, मागचं चित्र, ब्लॉकचे रंग, बटणांचे आवाज, सगळं एकदम.

आता अडचण. चॅलेंज मोडमध्ये द्रुत लयीची गाणी मला जमतात, तिथे बोटं आपोआप चालतात. पण मध्येच एखादं संथ गाणं येतं. रेघ रमतगमत निघते आणि ती उजव्या टोकाला पोचून परत येईपर्यंत डावीकडचे कॉलम वरपर्यंत भरलेले असतात. हातात चौकोन तयार असतात, पण रेघच येत नाही! दर वेळी डाव इथेच संपतो. संथ गाण्यात तर विचार करायला जास्त वेळ मिळायला हवा, मग तिथेच का अडतं?

दुसरं, तिरप्या रंगांचा जो ब्लॉक येतो (बुद्धिबळाच्या पटासारखा), त्याचं काय करायचं ते आजवर कळलेलं नाही. आणि काही स्किनमध्ये दोन रंग एकमेकांत इतके मिसळतात की डोळे ताणावे लागतात, त्यावर काही उपाय आहे का?

आगाऊ धन्यवाद. हा खेळ मला फार आवडतो. पहिलं गाणं 'शायनिन' सुरू झालं आणि आपण ब्लॉक फिरवला की त्याचा आवाज गाण्यातच मिसळतो, तो आनंद दुसऱ्या कुठल्या गेमने दिलेला नाही. पुढची गाणी ऐकायची आहेत म्हणूनच ही धडपड.

---

प्रतिसाद १

धागा पाहून खूप बरं वाटलं. पीएसपीवर मी सर्वात जास्त हाच खेळलो आहे.

तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळे वेग एकत्र झाले आहेत, ते आधी सुटे करू. ब्लॉक किती लवकर खाली येतो हे लेव्हलवर अवलंबून. रेघ किती लवकर फिरते हे गाण्यावर अवलंबून. या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. त्यामुळे लेव्हल वर गेलेली असताना संथ गाणं आलं, तर ब्लॉक भराभर पडतात आणि रेघ मात्र सावकाश येते. पटात १६० घरं आहेत, म्हणजे काहीच पुसलं गेलं नाही तर ४० ब्लॉकमध्ये पट पूर्ण भरतो. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी डाव जातो, कारण आपण सगळीकडे सारखं रचत नाही. संथ गाण्यात रेघेच्या एका फेरीत तुम्ही किती ब्लॉक टाकता, यावर सगळं अवलंबून आहे.

म्हणून पहिला प्रश्न: संथ गाण्यातही तुम्ही डी-पॅडचं खालचं बटण दाबून ब्लॉक लवकर खाली आणता का? द्रुत गाण्यांची सवय झालेले बहुतेक जण आणतात. ते तिथे पूर्ण बंद करा. ब्लॉक वर आला की पडण्याआधी क्षणभर थांबतो, तो वेळ पूर्ण वापरा, मग त्याला त्याच्या चालीने उतरू द्या. फेरीत जितके कमी ब्लॉक पडतील तितका पट मोकळा राहतो.

दुसरी गोष्ट जागेची. डावीकडचे कॉलम भरतात असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून वाटतं की रेघ नुकतीच जिथून गेली तिथे तुम्ही चौकोन पूर्ण करता आहात. त्या चौकोनांना पूर्ण फेरीभर थांबावं लागतं. त्याऐवजी रेघेच्या पुढे, तिच्या वाटेवर चौकोन पूर्ण करा, म्हणजे ते थोड्याच वेळात पुसले जातील. मात्र अगदी रेघेखाली पूर्ण करू नका. रेघ चौकोनाच्या मधोमध असताना तो जुळला तर ती उरलेला अर्धा तेवढा घेऊन जाते, गुण मिळत नाहीत, आणि मागे राहिलेला अर्धा भाग पुढची रचना बिघडवतो.

तिरप्या ब्लॉकबद्दल रात्री सविस्तर लिहितो.

---

प्रतिसाद २

मी तबला शिकवतो, गेमची आवड मुलामुळे लागली. मुलाकडे निन्टेंडोच्या स्विच या गेमयंत्रावर याची २०१८ ची रीमास्टर्ड आवृत्ती आहे.

ताई, तुमच्या पटाला १६ कॉलम आहेत हे वाचून मला जे पहिल्यांदा सुचलं तेच सांगतो. मी पट सोळा मात्रांच्या तीनतालाच्या आवर्तनासारखा धरतो. रेघ डाव्या कडेला येते ती माझी सम (पहिली मात्रा), आणि नवव्या कॉलमची सुरुवात म्हणजे 'खाली' (नववी मात्रा). रेघ समेपासून खालीपर्यंत असते तेव्हा मी उजव्या अर्ध्यात चौकोन पूर्ण करतो. खाली ओलांडून ती उजवीकडे गेली की डाव्या अर्ध्यात नुसती मांडणी करतो, चौकोन पूर्ण करणारा ब्लॉक मात्र सम जवळ आल्यावरच टाकतो. विलंबित लयीत विद्यार्थ्याची घाई होते ती दोन मात्रांमधली जागा रिकामी वाटल्यामुळे. ती जागा मोजायची सवय लागली की घाई जाते, आणि या गेममध्येही माझा अनुभव तोच आहे. थोडा वेळ नुसतं ऐकत, रेघेबरोबर मनात मोजत खेळून बघा.

आणि हेडफोन लावून खेळा, वायरचा. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो आणि बटणाचा आवाज गाण्यावर बसत नाही. रेघ डोळ्यांना दिसते म्हणून खेळता येतं, पण मजा जाते.

---

प्रतिसाद ३

वरच्या दोन्ही प्रतिसादांना +१.

वायरच्या हेडफोनवरून आठवलं. हा गेम घडवणारे तेत्सुया मिझुगुची यांना पीएसपीला असलेला हेडफोनचा जॅक आणि त्याच्या आवाजाचा दर्जा हीच मोठी गोष्ट वाटली होती. त्यांना आधी संगीतावर चालणारा टेट्रिसच करायचा होता, पण हक्कांचं जमलं नाही, म्हणून वेगळा खेळ रचावा लागला. ही रेघ त्यातूनच आली. पुढे २०१८ मध्ये त्यांच्याच देखरेखीखाली 'टेट्रिस इफेक्ट' झाला. ज्यांना 'टेट्रिससारखाच ना' म्हणायचंय त्यांना दोन्ही एकापाठोपाठ खेळायला द्या. टेट्रिसमध्ये ओळ भरली की त्याच क्षणी जाते, तिथे घाईला बक्षीस आहे. इथे चौकोन गाण्याची वाट पाहतो. त्यामुळे खेळणाऱ्याचं सगळं डोकं वेगळ्या दिशेने चालतं.

रंगांचं म्हणाल तर पडद्याखालच्या बटणाने उजेड वाढवून पाहा. पहिल्या मॉडेलचा पीएसपी असेल तर बॅटरीवर उजेडाच्या तीनच पायऱ्या मिळतात, चौथी चार्जर लावल्यावरच. घरी खेळताना चार्जर लावून ठेवलात तर फरक दिसेल. शिवाय त्या पडद्यावर सरकणाऱ्या गोष्टींच्या मागे पुसट सावली राहते, अंधाऱ्या स्किनमध्ये ती जास्त जाणवते. त्याला इलाज नाही.

---

प्रतिसाद १ (पुढे)

तिरपा ब्लॉक. फिरवल्यावर सारखे दिसणारे सोडले तर एकूण सहाच प्रकारचे ब्लॉक आहेत: पूर्ण एका रंगाचे दोन, तीन-एकचे दोन, अर्धा-अर्धा एक आणि तिरपा एक. सहांपैकी पाचांची सोय लावणं सोपं आहे, तिरपा तेवढा अडतो.

आधी पट मनात विभागा: डावीकडे एक रंग, उजवीकडे दुसरा, मध्ये सीमा. समजा डावीकडे पांढरा आणि उजवीकडे लाल. अर्धा-अर्धा ब्लॉक सीमेवर उभा ठेवला की त्याचा पांढरा अर्धा डावीकडच्यांना मिळतो, लाल अर्धा उजवीकडच्यांना. तिरपाही सीमेवरच टाका. एकटा तो काही कामाचा नाही, पण दुसरा तिरपा आला की असा फिरवून त्याच्यावर ठेवा की खालच्याच्या पांढऱ्यावर पांढरं आणि लालवर लाल बसेल. मग मधल्या दोन ओळींत दोन पांढरे एकावर एक आणि शेजारी दोन लाल एकावर एक असा जोड तयार होतो, म्हणजे उभा अर्धा-अर्धाच. फक्त पहिला ठेवताना बघा, वरच्या ओळीतला पांढरा पांढऱ्यांच्या बाजूला यायला हवा. डावीकडे पुढचे ब्लॉक दिसत असतात, तिथे नजर ठेवलीत तर दुसरा तिरपा येतोय का ते आधीच कळतं.

अर्थात नेहमी इतकं नीट जमत नाही. न जमल्यास तिरपे एका कडेला साठवा, पण ती कडा उजवी ठेवा. डावीकडे उंच ढीग झाला की रेघेच्या सुरुवातीलाच हलायला जागा राहत नाही.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! खालचं बटण न दाबता खेळून पाहिलं आणि त्या संथ स्किनमधून पहिल्यांदा बाहेर पडले. पुढचं गाणं सुरू झालं तेव्हा अक्षरशः अंगावर काटा आला. सर, समेची कल्पना तर फारच उपयोगी. मी लहानपणी कथक शिकले आहे, त्यामुळे मोजणं लगेच जमलं.

आता आणखी एक. मधे खूण असलेला जो खास ब्लॉक येतो, तो मी मिळताच वापरून टाकते. ते बरोबर आहे का? आणि संथ गाण्यात नुसतं टिकायचं की गुणही मिळवता येतात?

---

प्रतिसाद ४

खास ब्लॉकबद्दल मी सांगते, कारण माझा सगळा खेळ त्याच्यावरच चालतो.

तो स्वतः एका चौकोनाचा भाग झाला आणि रेघ वरून गेली की त्याला चिकटून असलेली त्याच रंगाची सगळी घरं जातात, चौकोनात बसलेली असोत वा नसोत. आडवी-उभी जोडलेली हवीत, कोपऱ्याला कोपरा चालत नाही. चौकोनात नसलेल्या त्या घरांचे वेगळे चौकोन मोजले जात नाहीत, म्हणून गुणांपेक्षा पट मोकळा करण्यासाठीच त्याचा उपयोग. मिळताच वापरणं द्रुत गाण्यात ठीक. पण स्किन बदलायची वेळ आली असेल आणि पुढचं गाणं संथ आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर तो खुणेचा ब्लॉक अशा जागी ठेवा जिथे त्या रंगाची लांबच लांब साखळी आहे, आणि चौकोन पूर्ण करणं पुढे ढकला. संथ गाणं लागल्यावर पट अर्धा भरला की मग पूर्ण करा. एका फेरीत श्वास घ्यायला जागा होते.

गुणांचं उत्तर तुम्हाला आवडेल. संथ गाणी हीच गुणांची खाण आहेत. एका फेरीत चार किंवा अधिक चौकोन गेले की बोनस लागतो आणि लागोपाठच्या फेऱ्यांमध्ये हे जमलं की तो वाढत जातो. रेघ सावकाश असेल तर एका फेरीत चार चौकोन जमवायला भरपूर वेळ असतो, द्रुत गाण्यात तेवढे जुळेपर्यंत ती दोनदा येऊन जाते. आणि चौकोन एकमेकांवर चढलेले असले तरी वेगळे मोजतात: दोन बाय तीनचा एकरंगी पट्टा म्हणजे दोन चौकोन, तीन बाय तीनचा म्हणजे चार. म्हणून सुटे सुटे जुळवण्यापेक्षा एकाला लागून वाढवत न्या. पटावर एकच रंग उरला तर १,००० आणि पट पूर्ण रिकामा झाला तर १०,००० गुण, पण त्यांच्या मागे लागू नका, चालता चालता मिळाले तर घ्या.

सरावासाठी टाइम अटॅकचा ६० सेकंदांचा डाव उत्तम. तिथे मोजतात ते पुसलेले चौकोन, त्यामुळे लागून वाढवायची सवय पटकन लागते. पझल मोडमध्ये दिलेला आकार एका रंगात बनवायचा असतो, त्याने तिरपा ब्लॉक हाताळणं सुधारतं.

चकती आणि ती फिरवणारी मोटर दोन्ही जुनी झाली आहेत, तेवढं सांभाळा. पुढेमागे ती बंद पडली तर २०१८ ची रीमास्टर्ड आवृत्ती याच पहिल्या भागाची आहे, स्विचवर हातात धरून खेळता येते, आणि वरच्या सगळ्या युक्त्या तिथे जशाच्या तशा चालतात.