पक्षाघातानंतर चालण्याच्या सरावासाठी घरी ट्रेडमिल घ्यावी का?

प्रश्न:
माझ्या वडिलांना (वय 64) चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. आता ते काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, पण उजवा चवडा फरशीवर घासतो आणि उंबरठ्याशी चप्पल पायातून निघून मागेच राहते. उपचार केंद्रात त्यांना वरून टांगलेला हार्नेस बांधून ट्रेडमिलवर चालवतात. रोजची ने-आण आम्हाला झेपत नाही, म्हणून घरीच ट्रेडमिल आणावी असे भावाचे म्हणणे आहे. आणावी का?

उत्तर 1 (फिजिओथेरपिस्ट):
माझ्या मते आणू नये. केंद्रात हार्नेस शरीराचे काही वजन पेलतो, ते प्रमाण हळूहळू कमी केले जाते आणि शेजारी बसलेला थेरपिस्ट प्रत्येक पाऊल हाताने नीट टाकून घेतो. घरच्या यंत्रावर यातले काहीच नसते. आधीच चालू लागलेल्या रुग्णांचा वेग आणि दम ट्रेडमिलने थोडा वाढतो, हे खरे आहे. मात्र अमेरिकेत 408 रुग्णांवर झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या लीप्स चाचणीत, हार्नेससह ट्रेडमिलवर चाललेले रुग्ण आणि घरी थेरपिस्टच्या देखरेखीखाली ताकदीचे व तोलाचे व्यायाम केलेले रुग्ण, या दोघांची चाल वर्षअखेर जवळपास सारखीच सुधारली होती. तेव्हा ट्रेडमिलचे पैसे घरी येणाऱ्या थेरपिस्टवर खर्च करावेत. घासणाऱ्या चवड्यासाठी घोट्याच्या स्प्लिंटबद्दलही (चवडा वर धरून ठेवणारा आधार) अवश्य विचारा.

उत्तर 2:
आम्ही यजमानांसाठी जुनी ट्रेडमिल घेतली होती. ते चांगल्या हाताने कठडा इतका घट्ट धरत की सगळा भार चांगल्या पायावरच येई आणि दुखरा पाय पट्ट्याबरोबर नुसता मागे ओढला जाई. एकदा तोल गेला. मुलगा शेजारी होता म्हणून निभावले. त्यानंतर आम्ही सोसायटीच्या व्हरांड्यात खडूने दहा मीटरच्या खुणा केल्या आणि दर रविवारी वेळ मोजू लागलो. 32 सेकंदांवरून 24 वर यायला तीन महिने लागले, पण तो आकडा बघून त्यांनाच हुरूप येत असे.

उत्तर 3 (फिजिओथेरपिस्ट):
ताईंची पद्धत अगदी योग्य आहे. दहा मीटरला 25 सेकंद म्हणजे सेकंदाला 0.4 मीटर, त्याहून कमी वेगाची माणसे बहुधा घराबाहेर पडत नाहीत. चालण्याचा वेळ वाढवण्यापूर्वी रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या, आणि चालताना कोणीतरी उजव्या बाजूला, अर्धे पाऊल मागे राहा.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. भावालाही हे वाचून दाखवले. आठवड्यातून तीन दिवस घरी येऊ शकणाऱ्या थेरपिस्टची चौकशी आजच सुरू केली आहे.