जुन्या जिप्सीच्या पुढच्या नकलमध्ये कोणतं ग्रीस भरावं? (सातारा)

यवतेश्वर_घाट
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९४ ची हजार सीसीची जिप्सी आहे, दोन वर्षांपूर्वी मामांकडून घेतलेली. शेत मेढ्याच्या पुढे जावळीत आहे. शेवटचा चार किलोमीटर रस्ता पावसाळ्यात रस्ता राहत नाही, दोन ओढे आडवे येतात, त्यामुळे फोर व्हील रोज लागतं. हौशीची गाडी नाही, कामाची आहे.

गेल्या महिन्यापासून पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूनं काळं, पातळ तेल ओघळतंय. नकलचा, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्याच्या घराचा, गोळा पूर्ण ओला, टायरच्या आतल्या भिंतीवर डाग. फुल कटिंगवर, म्हणजे स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर, कट-कट आवाज अजून नाही. साताऱ्यात तीन ठिकाणी दाखवली आणि तीन सल्ले मिळाले. एक म्हणाला १४० नंबरचं गियर ऑइल भरा. दुसरा म्हणाला लाल ग्रीस ठासून भरा, म्हणजे गळायला जागाच उरणार नाही. तिसरा म्हणाला ग्राफाइट ग्रीस.

पाऊस लागायच्या आत घरीच खोलायचा विचार आहे. माझे प्रश्न: ग्रीस नेमकं कोणत्या प्रकारचं आणि किती भरायचं? मॉलीवालं लागतंच का? आणि तेच चाकाच्या बेअरिंगला चालेल का?

रानवाट_पाटण
मी सर्वोजेम ईपी २ (ईपी म्हणजे जास्त दाब झेलणारं) ग्रीस वापरतो, चार वर्षं झाली, तक्रार नाही. कोणत्याही पेट्रोल पंपावर किंवा ऑइलच्या दुकानात मिळतं.

जुनीजिप्सी_कराड
भावा, ग्रीसचं नंतर बघू. तू जे वर्णन केलंयस ते ग्रीस नाहीच. ग्रीस एवढं पातळ होऊन ओघळत नाही. बोटावर घेऊन वास घे. गंधकासारखा उग्र वास आला तर ते डिफरन्शियलचं, म्हणजे एक्सलमधल्या गियरपेटीचं, गियर ऑइल आहे. जीएल-५ ऑइलमध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं असतात, तो वास त्यांचाच. म्हणजे एक्सलच्या नळीच्या टोकाला, सांध्याच्या मागे जो आतला ऑइल सील असतो तो गेलाय. डिफचं ऑइल नकलमध्ये शिरतंय, तिथल्या ग्रीसमध्ये कालवलं जातंय आणि त्याचं पाणचट कालवण बाहेरच्या सीलमधून ठिबकतंय. यात तोटा दोन्हीकडचा आहे. सांध्याचं ग्रीस धुऊन जातंय आणि डिफमधलं ऑइल कमी होतंय. आज संध्याकाळीच डिफचा लेव्हल प्लग खोलून बोट घालून बघ.

असं असताना जगातलं सगळ्यात महाग ग्रीस भरलंस तरी दोन महिन्यांत पुन्हा तेच. आधी सील, मग ग्रीस. मी स्वतः याच चुकीत दोन पावसाळे घालवलेत म्हणून एवढं ठासून सांगतोय.

आता तुझे प्रश्न. जिप्सीच्या नकलमध्ये सहा गोळ्यांचा बर्फील्ड जातीचा सांधा असतो. त्यात गोळ्या लोळतातही आणि खाचेत घासतातही. स्टेअरिंग जितकं वळलेलं आणि लोड जितका जास्त, तितकं घासणं वाढतं. या घासण्यासाठी मॉली, म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड. त्याचे थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून सरकतात, त्यामुळे ग्रीसचा पापुद्रा दाबाखाली तुटला तरी धातूला धातू लागत नाही. म्हणून सांध्याला लिथियम बेसचं, ईपी, मॉली असलेलं, एनएलजीआय २ नंबरचं (हा घट्टपणाचा आकडा) ग्रीस. सीव्ही जॉइंटसाठी (अशाच जातीच्या सांध्यांसाठी) म्हणून विकतात त्यात साधारण तीन टक्क्यांच्या आसपास मॉली असते. कंपनी कोणतीही चालेल, डब्यावर या चार गोष्टी वाचून घे. रानवाट यांचं ईपी २ वाईट नाही, चार वर्षं चाललंय ते खरंच आहे. पण तू रोज ओढ्यातून फोर व्हील मारणार, तर मॉलीवालंच घे. फरक शे-दोनशे रुपयांचा.

चाकाच्या बेअरिंगला मॉली नको, तिथं साधं लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स. बेअरिंगचे रोलर लोळायला हवेत, घसरायला नकोत. ग्राफाइट ग्रीस तर बेअरिंगच्या जवळपासही आणू नकोस. ते पाट्यांच्या स्प्रिंगांना चांगलं.

यवतेश्वर_घाट
वास घेतला दादा. गंधकाचाच. आणि डिफचं ऑइल प्लगपासून बोटाच्या एका पेरानं खाली आहे. म्हणजे तुम्ही म्हणता तेच. मग १४० ऑइल भरायचा सल्ला कुठून आला असेल? सांगणारे मिस्त्री जुने जाणते आहेत, उगाच बोलणारे नाहीत.

कृष्णाकाठची_जीप
ते मिस्त्री चुकीचं सांगत नव्हते, दुसऱ्या गाडीचं सांगत होते. मी सांगलीचा. आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून महिंद्रची सीजे ३बी आहे. विलीसच्या घराण्यातल्या या जीपचा पुढचा एक्सल बंद गोळ्याचाच, पण नकलच्या पोटात जागा मोठी आणि बाजूला भरायचा प्लग. तिथं सांधा ग्रीसनं माखून ठेवायची पद्धत नव्हती, अख्खं पोटच पातळ वंगणानं भरून ठेवायचे. कोणी १४० नंबरचं ऑइल भरायचं, कोणी पातळ ग्रीस. ज्यांनी आयुष्य अशा जीपांवर काढलं त्यांच्या हाताला तीच सवय. लँड रोव्हरचंही तसंच. जुन्या सीरिजच्या गाड्यांत ईपी ९० ऑइल असायचं, पुढे डिफेंडर-डिस्कव्हरीत कंपनीनंच पातळ ग्रीस द्यायला सुरुवात केली.

मी आधी १४० वापरून पाहिलंय. नव्या सीलवर ठीक चालतं. सील जरा झिजला की लेव्हल खाली येते, आणि लेव्हल खाली आली की सगळ्यात आधी वरचं किंगपिन (नकल ज्यावर वळतं ती खुंटी) बेअरिंग कोरडं पडतं, कारण ते सगळ्यात वर. उलट बाजूनं दोन किंवा तीन नंबरचं घट्ट ग्रीस त्या मोठ्या पोटात भरलं तर सांधा फिरताना ते भिंतीकडे फेकलं जातं आणि तिथंच चिकटून बसतं. मधे बोगदा तयार होतो, सांधा फिरतो कोरडा, आणि उघडून बघणाऱ्याला वाटतं ग्रीस तर भरपूर आहे.

म्हणून मधला मार्ग, शून्य किंवा डबल शून्य नंबरचं ईपी ग्रीस. नंबर म्हणजे काय तेही सांगतो, कारण दुकानदारही इथं गोंधळतात. २५ अंशाला ठरावीक वजनाचा शंकू ग्रीसवर पाच सेकंद सोडतात आणि तो किती आत गेला ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. दोन नंबर म्हणजे २६५ ते २९५, शून्य म्हणजे ३५५ ते ३८५, डबल शून्य ४०० ते ४३०. दोन नंबर लोण्यासारखं, शून्य घट्ट कढीसारखं, हळूहळू परत वाहत येणारं. नंबर फक्त घट्टपणाचा आहे, दर्जाचा नाही. तीन नंबर दोनपेक्षा भारी असं काही नसतं.

हे ग्रीस ऑटोच्या दुकानात मिळत नाही. मशिनरीच्या सेंट्रल लुब्रिकेशनसाठी वापरतात, त्यामुळे औद्योगिक ऑइल विकणाऱ्यांकडे विचारा. मला कुपवाड एमआयडीसीत मिळालं.

जिप्सीला मात्र हे भरू नका. तिच्या वाटीची, म्हणजे नकलच्या पोटाची, जागा लहान आणि बाहेरचा सील पुसणाऱ्या जातीचा. पातळ वंगण तो धरून ठेवणार नाही.

माण_दुष्काळी
आमच्याकडे १४० ऑइलात दोन नंबर ग्रीस घोटून भरतात, बादलीत लाकडानं घुसळून. जीपला चालतं की तेच.

कृष्णाकाठची_जीप
चालवतात, मला माहीत आहे. माझ्या मनाला पटत नाही. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरलेलं तेल. वरून ओतलेलं तेल त्या जाळीत नीट बसत नाही, उभ्या गाडीत महिन्याभरात वेगळं होऊन खाली जमतं. तयार शून्य नंबर मिळत असताना हा उपद्व्याप कशाला?

आणि पाण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आमच्या आवारात शिरलं तेव्हा जीप हलवायला वेळ मिळाला नाही. चार दिवस ती एक्सलच्या वर पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर घर, गोठा, धान्य यातच महिना गेला. जीपकडे दिवाळीनंतर वळलो. नकल उघडलं तर आत चहाच्या रंगाचा चिखल, वरचं किंगपिन बेअरिंग गंजून एका जागी बसलेलं, गोळ्यांवर खड्डे. वडील शेजारी उभे होते, काही बोलले नाहीत, नुसता सांध्यावरून हात फिरवला. पहिल्याच आठवड्यात उघडून डिझेलनं धुतलं असतं तर तो सांधा वाचला असता. एक्सल बुडाला की ग्रीस बदलायचंच, दिसायला ठीक असलं तरी. २०२१ ला पाणी पुन्हा आलं तेव्हा आम्ही आधी जीप माळावर नेऊन ठेवली.

जुनीजिप्सी_कराड
वाचून वाईट वाटलं काका. ओढ्यातल्या गाड्यांचंही लहान प्रमाणात हेच होतं. यवतेश्वर, तुझ्या एक्सलच्या नळीवर ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायचं तोंड, आहे, तो चिखलानं बुजलाय का बघ. घाट उतरून गरम झालेला एक्सल थंड ओढ्यात शिरला की आतली हवा आकसते. ब्रीदर उघडा असेल तर तिथून हवा आत येते, बुजलेला असेल तर एक्सल सीलच्या ओठातून पाणी ओढतो. आणि उन्हाळ्यात उलटं, आतली हवा फुगून ऑइल सीलमधून बाहेर ढकलते. तुझा सील कदाचित यानंच गेला असेल. ब्रीदरला रबरी नळी लावून ती बॉनेटखाली उंच नेऊन बांध. मी नळी लावल्यापासून डिफमध्ये दुधट, म्हणजे पाणी मिसळलेलं, ऑइल पाहिलेलं नाही.

खोलताना काय बघायचं ते सांगतो. नुसता आतला सील बदलायचा तर हब, स्टब एक्सल काढून शाफ्ट ओढला की काम होतं. पण बाहेरचा मोठा गोल सील बदलायला किंगपिन काढून अख्खं नकल उतरवावं लागतं. एवढं खोलतोयस तर दोन्ही बदल, किट एकच येतं. किंगपिनखालचे शिम (पातळ चकत्या) वरचे-खालचे वेगळे बांधून चिठ्ठी लावून ठेव. त्यांची गल्लत झाली तर सांधा मध्यातून सरकतो आणि पुढे स्टेअरिंग थरथरतं. ब्रेकचा होज ताणून लटकू देऊ नकोस.

शाफ्टवर सीलचा ओठ जिथं टेकतो तिथं नख फिरव. नख अडकलं तर खाच पडलीय, नवा सील त्याच जागी बसवला तर तोही गळेल. एक-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसेल असा ठोक, ओठ नव्या जागी येईल. शाफ्ट परत घालताना त्याचं वजन सीलवर पडू देऊ नकोस, हातानं उचलून धरून सरळ सरकव. निम्मे नवे सील इथंच फाटतात आणि दोष सीलला लागतो.

गोळ्याच्या पृष्ठभागावर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर तेल लावून गोल फिरव, आडवा नाही. खड्डे खोल असतील तर तो सील पुन्हा खाणारच.

धुणं रॉकेल किंवा डिझेलनं, आणि पूर्ण वाळेपर्यंत ग्रीस लावू नकोस. जुनं ग्रीस एक कणही ठेवू नकोस. कोणी बेन्टोनाइटचं किंवा पॉलियुरियाचं भरलेलं असेल तर लिथियमशी त्याचं जमेलच असं नाही, दोन्ही मिळून पातळ होऊ शकतात. रंगावरून ओळखता येत नाही. लाल, निळा हे नुसते रंग आहेत.

भरताना आधी सांध्याच्या पोटात बोटानं दाबून दाबून, दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत. नंतर वाटी पाऊण भरायची. पूर्ण नाही. ठासून भरलं तर गरम झाल्यावर फुगायला जागा नसते आणि ते बाहेरचा सीलच ढकलून वाट काढतं.

रानवाट_पाटण
आणि फ्री व्हील हब (पुढचं चाक शाफ्टपासून सोडवता येतं असे) असतील तर महिन्यातून एकदा ते लॉक करून दहा-पंधरा किलोमीटर चालवा, ट्रान्सफर टू-व्हीलमध्येच ठेवून. नाहीतर सांधा फिरतच नाही, ग्रीस खाली बसतं आणि वरच्या गोळ्या उघड्या पडतात. कोरड्या डांबरावर फोर व्हील मात्र टाकू नका.

यवतेश्वर_घाट
सगळ्यांचे मनापासून आभार. डावी बाजू शनिवार-रविवारी झाली. तपशील टाकतोय.

आतल्या सीलचा ओठ कडक होऊन तडकलेला होता. शाफ्टवर खाच होती, नख स्पष्ट अडकलं, म्हणून सील दीड मिलिमीटर बाहेर ठेवून ठोकला. वाटीत ग्रीस असं नव्हतंच, काळं पाणी होतं. सांध्याच्या खाचा मात्र चकचकीत निघाल्या, खड्डा एकही नाही. ब्रीदर पूर्ण बुजलेला होता, तार घातली तेव्हा सुकलेल्या लाल मातीची गुळी निघाली. कराडच्या दादांनी म्हटल्याप्रमाणे नळी लावून बॉनेटखाली बांधली.

लिथियम ईपी मॉली दोन नंबर भरलं, पाऊण वाटी. चाकाच्या बेअरिंगला वेगळा डबा. काल मेढ्याला जाऊन आलो, ओढ्यात अजून पाणी नाही, पण मुद्दाम फोर व्हील लो टाकून चढ चढवला. आज सकाळी गोळ्यावर पुसट चिकट थर आहे, ओघळ नाही.

एक प्रश्न राहिला. तो पुसट थर ठीक आहे ना?

जुनीजिप्सी_कराड
ठीक आहे, तो हवाच. तो पुसणारा सील आहे, थोडा चिकट थर मागे ठेवतो आणि त्यानंच गोळा गंजत नाही. थेंब जमला किंवा गंधकाचा वास आला तर कळव. उजवी बाजूही पावसाआधीच उघड, तिथला सील याच वयाचा आहे.