टामिया लंच बॉक्स (री-रिलीज): मागची उसळी, तापणारी मोटर आणि आपली धूळ. आधी कशाला हात घालावा?

गंजगोलाई_लातूर:

राम राम मंडळी. टामियाची लंच बॉक्स घेतलीय, म्हणजे जपानी कंपनीची, जोडून घ्यायची, रिमोटवर पळणारी खेळण्यातली गाडी. १९८७ ची मूळ नव्हे, २००५ पासून कंपनीनं परत काढलेली. पिवळी व्हॅन आणि खाली अवाढव्य चाकं. जोडणी दिवाळीच्या सुट्टीत पुतणीनं आणि मी मिळून केली. ती आठवीत आहे, हात माझ्यापेक्षा बारीक आणि स्थिर, म्हणून डिफरन्शिअलमधले छोटे गिअर तिनंच बसवले. मी नुसता पुस्तिकेतली चित्रं बघून पुढचं पान सांगायलो होतो.

चालवायलोय रिंगरोडच्या पलीकडं, नव्या प्लॉटिंगमध्ये. मुरमाचे रस्ते करून ठेवलेत, प्लॉट काही विकले जाईनात, त्यामुळं संध्याकाळी सगळा ट्रॅक आपलाच.

थ्रॉटल दाबला की पुढची चाकं वर उचलतात. त्याची तक्रार नाही, त्यासाठीच तर घेतली. पण मुरमावर जरा वेग घेतला की मागचा भाग टणाटणा उड्या मारतो, गाडी सरळ जायच्या ऐवजी आडवी होते आणि वळणावर थेट टपावर. शॉकअप किटमधलेच आहेत, नुसत्या स्प्रिंगचे, आत तेल नाही.

चाक हातानं फिरवून सोडलं तर लगेच थांबतं. बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या) प्लास्टिकचे, त्यांच्या कडेला काळपट लेप साठलाय. बॅटरी संपेस्तोवर मोटर इतकी तापते की बोट लावता येत नाही. आणि स्क्रू! कित्येकांची फुली झिजून गोल झालीय, पेचकस नवाकोरा असून.

मोटर किटमधली ५४०, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा डबा) टीबीएलई-०२एस, बॅटरी ७.२ व्होल्टची निमएच, म्हणजे निकेल-मेटल हायड्राइड. पाच-सहा हजारांत काय काय होईल? वाळूजकर फोनवर म्हणाले ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली, जास्त ताकदीची) मोटर टाका, सगळे प्रश्न सुटतील. खरंच का?

वाळूजकर:

हो, म्हणालो आणि परत म्हणतो. ३६५० मापाची ब्रशलेस मोटर, ६० अँपिअरचा ईएससी, टू-एस लायपो, म्हणजे दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी. प्लॉटिंगमधली कुत्रीसुद्धा मागं पडतील. माझी शॉर्ट कोर्स ट्रक अशीच आहे, वर्ष झालं काही तक्रार नाही. बेअरिंग-बिअरिंग नंतर करा सावकाश.

जालना_लेथ:

वाळूजकर, तुमची शॉर्ट कोर्स बुटकी आणि रुंद आहे, ती जमीन धरून पळते. लंच बॉक्स उंच, अरुंद, आणि तिचं सगळं वजन मागं. तिला ब्रशलेस लावली तर ती पळणार नाही, नुसती जास्त जोरात उलटी पडेल. पैसे गेले ते गेले, वर बॉडीचा टप फुटेल तो वेगळाच.

लातूरकर, आधी गाडीची रचना नीट बघा. याच कंपनीच्या ब्लॅकफूट आणि मॉन्स्टर बीटल १९८६ च्या, दोन्ही १९८३ च्या फ्रॉगच्या घराण्यातल्या. त्यांत गिअरबॉक्स चेसीला घट्ट असतो आणि मागची चाकं आपापल्या आर्मवर वेगवेगळी खालीवर होतात. तुमच्या गाडीत मोटर, गिअर आणि ॲक्सल हा एकच गठ्ठा आहे, आणि खड्डा आला की तो सगळाच्या सगळा हलतो. थ्रॉटल दिला की चाकं पुढं ढकलतात आणि गिअरबॉक्स उलट दिशेनं फिरायला बघतो. खालून तो धरलेला आहे, वरून त्याला अडवणारं ठाम काही नाही. मग तो फिरतो, स्प्रिंग दबते, स्प्रिंग परत फेकते, तो परत फिरतो. तुमची टणाटणा ती हीच. ताकद वाढवली की ही उसळी वाढणार. एवढं ध्यानात आलं की ब्रशलेसचा विषय आपोआप मिटतो.

आता पहिला खर्च बुशांच्या जागी घालायच्या बेअरिंगचा. पुस्तिका उघडा, जिथं जिथं बुश दाखवलाय तिथं खूण करा आणि प्रत्येक बुश व्हर्निअरनं मोजा. बहुतेक ठिकाणी टामियाच्या भाषेत ११५० लागतं, म्हणजे बाहेरून ११, आतून ५ आणि जाडी ४ मिलिमीटर. दुकानात जाऊन नुसतं "पाच बाय अकरा द्या" म्हणालात तर दुकानदार हमखास ६८५ झेडझेड काढून देतो. ते ५ मिलिमीटर जाडीचं असतं. त्या एका मिलिमीटरनं चाक जाम होतं किंवा गिअरबॉक्सचे दोन अर्धे मिळत नाहीत, आणि माणूस स्क्रू पिळून पिळून ते मिळवायला बघतो. एमआर ११५ मागा. आणि झेडझेड नको, टूआरएस मागा. झेडझेडला पत्र्याची झाकणी असते आणि तिच्या कडेला फट राहते. टूआरएसला रबराची सील असते, फिरायला किंचित जड पण आपल्याकडं तीच टिकते. उन्हाळ्यात काळ्या रानातली धूळ कुठं कुठं शिरते हे लातूरच्या माणसाला मी काय सांगावं.

तुमचा तो काळपट लेप म्हणजे ग्रीस आणि धूळ. तो दगड घासल्यासारखा शाफ्ट खातो. पुसून काढा. ग्रीस गिअरबॉक्सच्या आत, तेही दातांवर पातळ हात फिरवल्याइतकंच. बाहेर जिथं धूळ लागते तिथं कोरडंच ठेवा.

बेअरिंग बसली की मोटरचा ताप बराच उतरेल, कारण तिला आता बुशांशी भांडावं लागणार नाही. तरी तापली तर गिअरचे दात एकमेकांत फार घट्ट बसलेत का बघा. वाटलंच तर पुढं टामियाचीच स्पोर्ट ट्यून्ड मोटर टाका, किटमधलीपेक्षा जरा तेज, त्या चेसीला तेवढं पुष्कळ.

स्क्रूचं गणित वेगळं आहे. तुमचा पेचकस नवा आहे पण चुकीचा आहे. जपानी स्क्रूची फुली जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाची असते. आपला बाजारातला फिलिप्स तिच्यात तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर चढतो आणि कडा खातो. ज्यांनी जुन्या हिरो होंडाचे इंजिन कव्हरचे स्क्रू खोललेत त्यांना हे ठाऊक आहे, तिथंही हेच. वेसल कंपनीचा जेआयएस पेचकस मागवा, दोन नंबर आणि एक नंबर. आयुष्यभर पुरतो. आणि प्लास्टिकमध्ये स्क्रू परत घालताना आधी उलटा फिरवा. एके ठिकाणी बारीक "टक्" असा खाली बसतो, तिथून सुलटा आवळा. म्हणजे तो जुन्याच आट्यांत जातो, नव्या कापत नाही. पुतणीला हे शिकवा, तिचा हात हलका आहे म्हणताय ना, तो टक् तिला तुमच्या आधी कळेल.

उसळीवर इलाज जुना आणि सगळीकडं चाललेला आहे, त्याला फिफ्थ शॉक म्हणतात. म्हणजे चार शॉकअप आहेत त्यात पाचवा, तेलाचा. तो उभा लावायचा नाही. गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला एक टोक, चेसीला दुसरं, गाडीच्या लांबीच्या दिशेनं जवळपास आडवा. गिअरबॉक्स फिरायला लागला की हा त्याला सावकाश धरतो. एवढ्या एका शॉकअपनं गाडी ओळखू येणार नाही. मग जमेल तसे मागचे दोन तेलाचे करा, पुढचे सगळ्यात शेवटी.

हे सगळं इकडचं इकडं जमवा असं मी म्हणतो त्याला कारण आहे. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांची ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. परदेशातून छान छान ॲल्युमिनिअमचे रंगीत पार्ट मागवले तर निम्मी किंमत सरकारलाच. बरं, ते ॲल्युमिनिअम या गाडीत फार करतही नाही. प्लास्टिकचा आर्म वाकतो आणि परत येतो, ॲल्युमिनिअमचा वाकला की वाकला.

गंजगोलाई_लातूर:

काका, एवढं कोण सांगतं! पेचकस मागवला. बेअरिंगवाल्यानं खरंच ६८५ च पुढं केली, मी व्हर्निअर काढला तसा तो गप आत जाऊन एमआर ११५ घेऊन आला.

बसवली पण. आता चाक फिरवलं की पुतणी आकडे मोजत बसते, कधी थांबतं बघत. मोटर गरम होते पण हात लावता येतो.

दोन शंका. फिफ्थ शॉकसाठी भोक किती एमएमचं, आणि तेल कोणतं? घरात शिलाई मशीनचं आहे. आणि दुसरी शंका पुतणीची: तिला व्हॅनची लालपरी करायचीय, एसटीच्या रंगात. माझ्याकडं टामियाचा पीएस लाल स्प्रे पडून आहे, जुन्या बग्गीसाठी आणलेला. चालेल?

परभणी_पेंटर:

पीएस अजिबात नको. पीएस हा पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे पारदर्शक लवचिक बॉडीसाठी, आणि तो आतून मारायचा असतो. लंच बॉक्सची बॉडी कडक प्लास्टिकची. तिला टामियाचाच टीएस स्प्रे, बाहेरून. टीएस नाही मिळाला तर गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला ॲक्रिलिक स्प्रे घ्या, पण आधी स्प्रूच्या (किटचे भाग ज्या चौकटीला चिकटून येतात तिच्या) तुकड्यावर मारून बघा. काही रंगांतला थिनर हे प्लास्टिक मऊ करतो, मग वर सुरकुत्या.

आधी भांड्याच्या साबणानं बॉडी धुवा, बारीक पॉलिश पेपर पाण्यात फिरवा, वाळवा. एक गंमत सांगतो, तुमचं प्लास्टिक मुळात पिवळं आहे हे चांगलंच. पिवळ्यावर तांबडा उजळ येतो, करड्या प्रायमरवर मळका. प्रायमर मारायचाच तर पांढरा. हात हलका, एका जागी थांबायचं नाही, दोन थरांत पंधरा-वीस मिनिटं. आणि दुपारी बारा वाजता गच्चीवर मारायला जाऊ नका, रंग बॉडीवर पोचायच्या आत वाळतो आणि खरखरीत बसतो. सकाळी, वारा पडलेला असताना.

टप आतून मजबूत करून घ्या, लालपरी झाली तरी उलटी पडायची सवय जाणार नाही. पीओपीवाले सांध्यांना जी जाळीची फायबर पट्टी लावतात ती आणि एपॉक्सी. रंगाच्या आधी.

जालना_लेथ:

वा, लालपरी! मागच्या काचेवर "लातूर–उदगीर" लिहा, विनाथांबा.

शिलाई मशीनचं तेल नको. ते पातळ, आणि शॉकअपच्या रबरी रिंगला मानवत नाही. सिलिकॉन तेलच घ्या, ३०० ते ४०० सीएसटीच्या (तेलाच्या दाटपणाचं माप) मधलं. उन्हाळ्यात जरा जाड बाजूचं. भरल्यावर पिस्टन हळू वरखाली करा, बुडबुडे वर येऊन संपले की मगच टोपण.

भोक: ३ मिलिमीटरचा बोल्ट आरपार आणि मागं नट असेल तर ३ चंच. प्लास्टिकमध्ये सेल्फ टॅपिंग जाणार असेल तर २.५. भोक पाडायच्या आधी शॉकअप हातानं जागेवर धरा आणि गिअरबॉक्स पार वरपासून पार खालपर्यंत हलवून बघा. कुठल्याही टोकाला शॉकअप पूर्ण दाबला जात असेल किंवा पूर्ण ताणला जात असेल तर जागा बदला, नाहीतर शॉकअप तुटतो. ड्रिल मशीन नको, हातानं फिरवायचं घ्या, प्लास्टिक वितळत नाही.

पुढचं वजन राहिलं. पंक्चरवाल्याकडं चाक बॅलन्सिंगच्या ५-१० ग्रॅमच्या पट्ट्या मिळतात. पुढच्या बंपरच्या मागं थोड्या थोड्या लावत जा. चाकं उचलायची बंद झाली तर काढा, उचलून मागं पडत असेल तर वाढवा. त्यांच्या मागचा टेप मे महिन्यात सुटतो, वरून झिप टाय मारा.

आणि वाळूजकरांचं ऐकून लायपो घ्यायची झाली तर आधी ईएससी बदला. टीबीएलई-०२एसला लायपोचा कटऑफ नाही, बॅटरी पार तळाला जाईपर्यंत तो गाडी पळवतो आणि सेल कायमचे जातात. तोवर निमएच बरी. फक्त गाडीतून काढल्या काढल्या चार्जिंगला लावू नका, हाताला गार लागली की मग.

वाळूजकर:

ठीक आहे, ब्रशलेस माघारी. पण लालपरीचा फोटो टाका.